वीरदेवाची जागा

कडावच्या पुढं, भाताची खाचरं संपून डोंगर सुरू होतो तिथल्या एका गावात सुंदराबाई एकट्या राहतात. नवरा नागू जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा अक्षय पनवेलला. शेजारची घरं एकेक करत बंद झाली. कुणी बदलापूरला गेलं, कुणी जमीन फार्महाऊसवाल्यांना दिली. आता गावात जाग असते ती सुंदराबाईंच्या घरात आणि म्हाताऱ्या, बहिऱ्या बुधाजीच्या घरात.

वेशीवर वीरदेव होता. उभा दगड, पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं गुळगुळीत झालेला. त्याला तेलवात करायचा मान सुंदराबाईंच्या घराचा. सासूनं केली, सासूमागं यांनी. गावात माणसं उरली नाहीत, तसं त्या देवाशीच बोलायला लागल्या. गुडघा दुखतो, गाय आटली, असलंच काहीबाही.

मग रस्ता रुंद व्हायला लागला. एका सकाळी तेल घेऊन गेल्या तर देवाच्या जागी नुसता खड्डा.

"मावशी, तो दगड नगरपरिषदेच्या गाडीनं नेला," रोलरवाला म्हणाला. "म्युझियममधी ठेवनार म्हनं."

गावात कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला होतं तरी कोण?

सुंदराबाई टेंपोनं शहरात गेल्या. वाचनालयाच्या वर नगरपरिषदेनं लहानसं संग्रहालय केलं होतं. तिथं देव उभा होता, पण शेंदूर सगळा खरवडलेला. आतून घोडा निघाला होता, घोड्यावर तलवार उगारलेला माणूस, वर चंद्र-सूर्य. सुंदराबाईंनी ते तोंड जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली, तसा शिपाई धावला.

"हात लावायचा नाही!"

"आवं, मी रोज लावते."

"इथं नाही चालत."

त्या फरशीवरच बसल्या. "उघडं केलं गं माज्या देवाला," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

संग्रहालय सांभाळणारी रुचिता आतून आली आणि त्यांच्याशेजारी खालीच बसली. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "आजी, चुकलं आमचं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

ती बोलून थांबली नाही. नगरपरिषदेत विषय नेला, तिथं ठरलं: देव गावाचा आहे, कुठं ठेवायचा ते गावानं सांगावं. परत हवा असेल तर वेशीवर नीट ओटा बांधून बसवू.

शाळेच्या ओट्यावर बैठक बोलावली. शाळाही बंदच होती. रुचिता आली, नगरपरिषदेची माणसं आली. गावातून आली दोघंच, सुंदराबाई आणि बुधाजी. बाकीच्यांनी फोनवर सांगितलं, तुम्ही ठरवाल ते.

"आजी, तुम्ही म्हणाल तिथं देव बसेल," रुचिता म्हणाली.

सुंदराबाईंनी त्या बंद घरांकडं बघितलं.

"तितंच ऱ्हाऊ दे."

"नक्की?"

"माज्या मागं हितं कोन हाय गं बाय? रानात पडंल. तितं पोरं तरी येतात बघाय."

बुधाजीला काही ऐकू आलं नव्हतं. सुंदराबाईंनी त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. तो मान हलवत म्हणाला, "म्हंजी देव पन गेला."

आता संग्रहालयात दगडाखाली 'वीरदेव' लिहिलंय, पुढं गावाचं नाव आणि सुंदराबाईंच्या घराचं. शेंदूर लावता येत नाही, पण अमावस्येला त्या समोरच्या ताटलीत फुलं ठेवतात. तोच शिपाई त्यांना खुर्ची आणून देतो. शाळेची मुलं विचारतात, "आजी, हा कोण?" त्या म्हणतात, "आमचा हाय."

दिवाळीला अक्षय आला. "आई, आता तरी पनवेलला चल. आता हितं काय राह्यलंय?"

इतकी वर्षं त्या देवाचं कारण सांगायच्या. आता तेही उरलं नव्हतं. तरी गेल्या नाहीत. अक्षयला गाडीपर्यंत पोचवून परत आल्या, आणि उजेड असतानाच दार लावून घेतलं.