पिवळ्या पेटीतला पाना

गावातल्या कारागिरांना पानेवाल्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्याच्या दुकानात लाल, निळ्या आणि पिवळ्या पेट्यांतले पाने शेजारी शेजारी मांडलेले असत. नव्या कंपनीचा पाना आला की तो आधी बोटाने त्याचा जबडा चाचपी, मग एका गंजक्या बोल्टवर चढवून अंगाचा सगळा भार टाकी. "लाल घेशील तर तुझा नातू वापरेल," तो गिऱ्हाइकाला सांगे. "निळा घेशील तर तुझा जन्म निभेल, आणि पैसे वाचले म्हणून बायकोच्या शिव्याही कमी खाशील."

पिवळी पेटी नवी. स्वस्तही. नमुन्याचा पाना बोल्टवर टिकला, म्हणून त्याने माल भरला. आलेल्या मालातला मात्र एकही पाना बोल्टवर चढवला नाही. नमुना खरा तर मालही खरा, असं म्हणून हात झटकले. पहिली पेटी त्याने जुन्या मित्राच्या, गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या हातात ठेवली.

"डोळे झाकून घे," म्हणाला.

आणि मिस्त्रीने डोळे झाकूनच घेतली.

पुढे इंजिनाखालचा नट सोडवताना पाना सटकला, मूठ लोखंडावर आदळली, हाताचं हाड मोडलं. बातमी कळली तशी पानेवाल्याने पिवळी पेटी फोडली आणि पाना बोल्टवर चढवला. जबडा ओल्या मातीसारखा फाकला. दुसऱ्याचाही तसाच. त्याने पेट्या फळीखाली ढकलल्या आणि मित्राच्या घराकडची वाटच सोडली. शेवटी मिस्त्रीचा निरोप आला. हत्यारं विकायची आहेत, भाव तूच लाव.

पडवीत गोणपाटावर सगळी हत्यारं पसरली होती. पलीकडे प्लास्टरमधला हात मांडीवर घेऊन मिस्त्री बसला होता.

"या, भावोजी," मिस्त्रीची बायको म्हणाली. "वाट विसरलात वाटतं."

"विकतोस कशाला?" पानेवाल्याने खाली बघत विचारलं.

"हातातली पकड गेली रे. साधा नट, आणि माझ्या हातून पाना सटकतो? उद्या कुणाची गाडी माझ्यामुळे रस्त्यात बंद पडायची. त्यापेक्षा आताच थांबलेलं बरं."

पानेवाला एकेक हत्यार उचलत होता. निळे पाने मित्राच्या तळव्याने गुळगुळीत झाले होते. मग तो पिवळा हाती आला. जबडा फाकलेला. तो मुकाट्याने बाजूला ठेवता आला असता. मिस्त्रीने काही विचारलं नसतं. त्याने तो मिस्त्रीपुढे धरला.

"तुझा हात नाही चुकला. हा पाना कच्चा आहे. सगळा मालच कच्चा आहे. मी तो तपासलाच नव्हता."

"तुला कधी कळलं?"

"हात मोडला तेव्हाच."

"आणि मी इथे रोज माझ्या हाताला शिव्या घालत बसलोय!" मिस्त्रीचा आवाज चढला. बायकोने चहाला म्हणून उचललेलं भांडं परत खाली ठेवलं. "अजून कुणाला दिल्यास त्या पेट्या?"

"पंपवाल्याला. ट्रॅक्टरवाल्या दोघा भावांना."

"मग इथे माझं तोंड काय बघतोस? जा की! त्यांचे हात मोडायची वाट बघतोयस?"

पानेवाला उठला. माफ कर म्हणायचं होतं, पण मिस्त्रीने मान फिरवली होती. तो डाव्या हाताने, चाचपडत, हत्यारं पुन्हा ट्रंकेत टाकत होता. पानेवाल्याने चपला पायांत सरकवल्या आणि तो पंपवाल्याच्या दिशेने पळत सुटला.