घ्यायचीही भीती, सोडायचीही

लग्न ठरायच्या आधीच बायकोने मला सांगितलं होतं, शाळेत असल्यापासून तिला फिट येते आणि रोज गोळी घ्यावी लागते. पण गोळी चालू होती तोवर त्रास काहीच नव्हता. वालावलच्या आमच्या घरात त्या गोळीकडे कुणाचं लक्षही जात नसे.

तिला दिवस गेले तेव्हा आई हरखून गेली. बायको मात्र गप्प गप्प. एका सकाळी आडाळ्यावर बसून नारळ खवता खवता ती एका अंगावर कोसळली. विळीचं पातं कपाळाला चाटून गेलं. तिला कुशीवर वळवून मी नुसता बसून राहिलो. झटका थांबेपर्यंत दुसरं काही करता येत नाही.

शुद्धीवर आल्यावर पुटपुटली, "कळल्यापासून मी गोळी घेवक नाय. मोबायलार वाचलंय. पोराक काय झाला तर?"

आई कपाळाला हात लावून म्हणाली, "घेतल्यान तर पोराक बाधता, नाय घेतल्यान तर हिका. करूचा काय?"

त्याच दिवशी गोव्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, "या गोळीने बाळाचा कणा, ओठ, टाळू यांत दोष राहू शकतो. पण ती अशी एकदम सोडणं दोघांनाही धोक्याचं. आपण हळूहळू दुसरी सुरू करू. खरं तर मूल हवं असं ठरवलंत तेव्हाच यायला हवं होतं."

"कोणी सांगितलंच नाही," मी म्हणालो. इतकी वर्षं जुन्याच चिठ्ठीवर तीच गोळी मिळत होती. बाईंनी फॉलिक अॅसिडची गोळी लिहून दिली, आणि बाळाचे अवयव बरेचसे पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, हेही सांगितलं. ते आठवडे तर केव्हाच उलटून गेले होते.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टर एकाच जागी पुन्हा पुन्हा यंत्र फिरवत राहिले. कणा ठीक होता. वरचा ओठ फाटलेला होता.

"गोळीमुळेच का?" मी विचारलं.

"खात्रीने नाही सांगता येत. गोळी न घेणाऱ्या आयांच्या मुलांतही असं होतं."

आईचं म्हणणं, हिने ग्रहणात काहीतरी चिरलं असणार. त्या महिन्यांत ग्रहण नव्हतंच, असं मी सांगून पाहिलं. "खंयतरी आसतलाच," ती म्हणाली. तिला निदान कारण तरी सापडलं होतं.

मुलगी झाली. तिला ओढून पिता येईना, म्हणून बायको दूध काढून चमच्याने पाजायची. काही महिन्यांनी ओठाचं ऑपरेशन झालं, छान झालं. आता ओठावर बारीकशी रेघ तेवढी आहे, आणि पोरगी दिवसभर बडबडते.

परवा तिला आंघोळ घालताना बायकोने मला विचारलं, "गोळी आधीच बदलली आसती तर?"

मी टॉवेल पुढे केला.