सिग्नलवाल्या काकांचं सेंट्रल लॉकिंग

बंद केलेली वस्तू खरोखरच बंद झाली आहे, यावर ज्याचा उभ्या आयुष्यात एकदाही विश्वास बसला नाही असा माणूस मी एकच पाहिला, आणि तो जयपुरात, खातीपुऱ्याला, माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. नाव सांगत नाही. सांगितलं तर कोणाच्या परवानगीने छापलं म्हणून लेखी खुलासा मागतील. अख्खी गल्ली त्यांना सिग्नलवाले काका म्हणते. मूळचे अकोल्याचे, रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते, बदलीवर इकडे आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. इतकी वर्षं राजस्थानात काढूनही त्यांची वऱ्हाडी गेली नाही, फक्त मधेमधे हिंदी येऊन बसायला लागली. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत यायचं, पुन्हा ओढायचं, हा त्यांचा घराबाहेर पडण्याचा विधी. लोणच्याची बरणी, गॅसचा नॉब, पाण्याच्या टाकीचं झाकण, शर्टाचं वरचं बटण, काहीही या तपासणीतून सुटत नसे. एकदा एका लग्नात वाढलेलं पान सोडून ते पार्किंगपर्यंत गेले आणि माझ्या स्कूटरचं हँडल पिरगाळून आले. "कुलूप लावलं म्हणजे लागलं असं नसते, प्रोफेसरसाहेब," गार झालेली पुरी तोडत ते म्हणाले, "लागलं हे सिद्ध झालं पायजे."

रेल्वेत म्हणे गाडी सोडताना दोन स्टेशनमास्तर फोनवर एकमेकांना एकेक नंबर सांगतात आणि तो नंबर मिळाला तरच बोललेलं खरं धरतात. काकांनी ही पद्धत सरळ संसारात आणली. रोज संध्याकाळी पुढच्या खोलीतून ते विचारायचे, "मागचं दार?" आणि आतून काकूंचा खणखणीत आवाज यायचा, "लागलं! नंबर सदतीस!" नंबर रोज वेगळा लागायचा, नाहीतर काका स्वतः उठून बघायला जायचे. काकू या सगळ्याची भरपूर टिंगल करत. "आमच्या लग्नात अक्षता पडल्यावर यानं माह्या बापाले नंबर मांगतला होता," असं त्या मला सांगत, आणि काका ते कधी नाकारत नसत. त्यांच्या जुन्या गाडीची दुसरी किल्ली एका पत्र्याच्या डब्यात लाखेचं सील मारून माझ्याकडे ठेवलेली होती. सील तोडायचं तर आधी लेखी मेमो, आणि मेमोवर आम्हा दोघांची सही, असा नियम होता. मी विद्यापीठात बावीस वर्षं नोकरी केली, पण एवढी जबाबदारी माझ्यावर तिथे कोणी टाकली नाही.

काकूंचं काहीतरी बिघडतंय हे डॉक्टरांच्या आधी काकांना कळलं. "मागचं दार?" असं त्यांनी विचारलं, "लागलं," असं उत्तर आलं. "नंबर?" यावर आतून काकूंनी उलट विचारलं, "कायचा नंबर?" दुसऱ्या दिवशी काकांनी हे मला सांगितलं तेव्हा मी मोठ्याने हसलो. मला वाटलं, काकूंनी अखेर बंड केलं. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दोन वर्षांत काकू माणसं विसरल्या, स्वयंपाक विसरल्या, बंगळुरूला असलेल्या मुलाचं नाव विसरल्या. दुपारनंतर त्यांना घरात घाबरायला व्हायचं आणि "मले घरी नेऊन द्या" असा धोशा सुरू व्हायचा. त्यावर एकच औषध लागू पडलं होतं, गाडीतून एक फेरी. मागच्या सीटवर बसवलं, टेपवर भजन लावलं आणि सिरसी रोडने गाडी सोडली की त्या शांत होत. पण फिरता फिरता त्या हातातली वस्तू खिडकीतून देऊन टाकू लागल्या. एक चप्पल गेली, मग काकांचा चष्मा गेला. काकांनी मागच्या काचा दोन बोटं फट ठेवून वर केल्या आणि त्या फिरवायच्या मुठीच काढून ठेवल्या. मग एका संध्याकाळी झोटवाड्याच्या सिग्नलला गाडी उभी असताना काकूंनी शांतपणे दार उघडलं आणि खाली उतरून चालायला लागल्या. सिग्नल हिरवा झाला होता. एका ई-रिक्षावाल्याने त्यांना हाताला धरून कडेला आणलं म्हणून त्या वाचल्या.

मुलाला कळलं तसा त्याचा फोन आला. आईला इकडे एका केंद्रात ठेवू, तिथे चोवीस तास माणसं असतात, असं तो म्हणाला. तो वाईट मुलगा नाही, घाबरलेला होता. काका मला म्हणाले, "ते केंद्र म्हणजे मतलब दारं बंदच ना? मग मी का मेलो का दारं बंद कराले?"

जुन्या गाडीला लहान मुलांसाठी असतो तो मागच्या दारांचा खटका नव्हता. तेव्हा काकांनी सेंट्रल लॉकिंग बसवायचं ठरवलं. चालकाने आपलं दार लावलं की बाकीची तिन्ही आपोआप लागली पाहिजेत. चारदीवारीच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या, बाहेर मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथून चार छोट्या मोटरी, एक काळी डबी आणि वायरींचं भेंडोळं घेतलं. "बाऊजी, फिटिंग यहीं करवा लो, दो घंटे का काम है," दुकानदार म्हणाला. काका म्हणाले, "आप लगा दोगे, पर सिद्ध कौन करेगा?" दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं.

दोन तासांच्या कामाला अकरा दिवस लागले. दारांची आतली कव्हरं काढताना प्लास्टिकच्या क्लिपा तुटल्या आणि दरेक तुटलेल्या क्लिपेची नोंद झाली. दारातून खांबात वायर न्यायच्या रबरी नळीत एक वायर अडकली, ती काढायला अख्खा रविवार गेला. मी टॉर्च धरून उभा असायचो आणि काकू मागच्या सीटवर बसून दोघांकडेही कौतुकाने बघायच्या. पहिल्या चाचणीत तीन दारं लागली आणि चौथं टक्कन उघडलं, कारण त्याच्या दोन वायरी उलट्या जोडल्या गेल्या होत्या. मला हसू फुटलं, काकूही हसल्या, काका मात्र पुन्हा पाना घेऊन बसले.

सगळं नीट चालू झाल्यावर काकांनी त्यात रेल्वे घातली. सिग्नल खात्याचा पहिला नियम असा, की काहीही बिघडलं तर सिग्नल लाल झाला पाहिजे. "थांबलेली गाडी कोणाले मारत नाई," हे वाक्य त्यांना नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं म्हणे. तेव्हा सीटखाली एक वेगळी छोटी बॅटरी आणि एक रिले, म्हणजे वीज गेली की आपोआप पडणारा खटका, बसवला. गाडीतला वीजपुरवठा कुठेही तुटला, की चारही दारं आपोआप लागणार. दारावरची खुंटी हाताने वर ओढली तर दार उघडेल, हे मी दाखवून दिलं. काका खाली बघत म्हणाले, "ते तिच्या ध्यानात राहिलं नाई आता."

मे महिन्यात, चारच्या सुमाराला, काका औषधाच्या दुकानासमोर थांबले. भजन बंद पडू नये म्हणून किल्ली लावलेलीच ठेवली आणि उतरून आपलं दार कुलूप न लावता नुसतं ढकललं. ते दुकानाच्या पायरीवर पोहोचले असतील नसतील, गाडीतला फ्यूज उडाला, रिले पडला आणि चारही दारं लागली. आत काकू, किल्ली आत, मागच्या काचांना दोन बोटं फट, पुढच्या बंद. आणि तुम्ही जयपूरचा मे पाहिला नसेल तर सांगून कळायचं नाही. मला फोन आला, "डब्याचं सील तोडा. मेमो मागून देतो." इतकं बोलून पहिल्यांदाच त्यांनी नंबर न मागता फोन ठेवला.

मी स्कूटरवरून पोहोचेपर्यंत जे झालं ते औषधांच्या दुकानदाराने सांगितलं. काका काचेबाहेर उभं राहून हाताने दाखवत होते, खुंटी वर ओढ, वर ओढ. काकू आतून तसाच हात वरखाली करून त्यांना दाखवत होत्या आणि हसत होत्या. ज्या विसरण्याच्या भरवशावर काकांनी ते कुलूप बसवलं होतं, तेच आता त्यांच्यासमोर बसून हसत होतं. लोक ओरडत होते, "बाऊजी, शीशा तोड़ दो!" शेवटी ज्या माणसाने कधी कोणाला त्या गाडीचं दार जोरात लावू दिलं नव्हतं, त्याने रस्त्याकडेची वीट उचलली आणि पुढच्या दाराची काच फोडली. मी किल्ली घेऊन पोहोचलो तेव्हा काकू दुकानाच्या पंख्याखाली घामाने निथळत बसल्या होत्या आणि काकांच्या मनगटातून रक्त येत होतं. ते फक्त म्हणाले, "आमाले शिकवलं होतं, थांबलेली गाडी कोणाले मारत नाई." मला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चारही दारांतून सगळं काढून टाकलं आणि स्वतःच मुलाला फोन करून झालेलं सांगितलं, काही न लपवता. "त्याचं खरं आहे," मला म्हणाले, "एकटा माणूस गाडी बी चालवन अन् दारबी सांभाळन, असं होत नसते." मी म्हटलं, मग दोन माणसं करू. संध्याकाळी काका माझ्या दारात आले आणि गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. मुलगा आला, दोन दिवस आमच्याबरोबर फिरला आणि दिवाळीपर्यंत बघू म्हणून एकटाच परत गेला. दिवाळी आता जवळ आली आहे.

रोज मी गाडी चालवतो. काका मागे काकूंच्या शेजारी बसतात आणि एक हात त्यांच्या पलीकडच्या दारावर ठेवतात. परवा परतीच्या वाटेवर काकू पुढे वाकल्या आणि मला हळू आवाजात म्हणाल्या, "भैया, पहले इन साहब को छोड़ दो. बेचारे कब से बैठे हैं. घर में कोई राह देखता होगा."

मी आरशात बघितलं. काकांनी दारावरचा हात काढला नाही. ते म्हणाले, "नाई हो, मले घाई नाई. आधी तुमाले पोचवू."

काकूंना ते पटलं असावं. त्या मागे टेकून बसल्या. घराचं वळण आलं होतं, पण मी गाडी सरळ पुढे नेली.