मिठाच्या बरणीशेजारचे देव

शेवंताचा फोन आला तेव्हा मी भुकूमला लेकाकडे होते. "वहिनी, आक्का गेल्या," एवढंच म्हणाली. आक्का माझी थोरली जाऊ, शेवंता आमची धाकटी नणंद. मी रडले नाही. आक्काला रडकी माणसं आवडायची नाहीत.

आक्का गोड नव्हती. तिचा चहा कडू आणि जीभ त्याहून कडू. पण कोळवणच्या घरात ती एकदा जे बोलली, ते बोलायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. माझीही नाही. शेवंताचा नवरा वारला, सासरच्यांनी बाहेर काढलं, तशी ती गाठोडं घेऊन आमच्या दारात आली. रिकामी खोली मागची एकच, तिथे देवांचे टाक मांडलेले. आक्काचे मालक, म्हणजे माझे थोरले दीर, म्हणाले, "देवाची खोली हाय. पांढऱ्या कपाळाची बाई तितं निजली तर देव बाटत्याल. माज्या हातात काय न्हाई." खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. खोऱ्यात शहरातले लोक जमिनी घ्यायला लागले होते. बहीण राहिली की वाटा मागेल, ही भीती.

आक्का भाकरी थापत होती. "पाठची भन हाकला, आसं देवानं सांगितलं व्हय तुमाला?"

"देवाधर्मातलं तुला काय कळतंय?"

"मला भाकरी कळती. देवाचं ऐकायचं न्हाई, आन वर त्यालाच साक्षीला उभा करायचा... लई हुशार हाय तुमी!"

तिने हात धुतले, देवांचा पाट उचलला आणि चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी नेऊन ठेवला. "हितं ऊब हाय त्यास्नी. जा शेवंते, हातरून टाक." दीर महिनाभर तिच्याशी बोलले नाहीत. "घर कसं निवांत हाय," म्हणायची. देवांचा दिवा मात्र तिने एक दिवस चुकवला नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी मी तिथेच होते. सुतकात देवांना दिवा नसतो. नंतर टाक चिंचेने घासून पुन्हा मांडायचे. दीर घासलेल्या टाकांचं ताट घेऊन उठले. मागच्या खोलीच्या दारात शेवंता उभी, गुंडाळलेलं अंथरूण काखेत. इतकी वर्षं राहूनही तिला भरवसा नव्हता... दीरांनी तिला पाहिलं. मग वळले आणि स्वयंपाकघरात गेले. चुलीच्या जागी आता गॅस आहे, फळी तीच. मिठाची बरणी जरा सरकवून त्यांनी टाक मांडले, दिवा लावला.

"शेवंते," आतूनच म्हणाले, "ते हातरून ठेव आन भाकरी टाक. देव खोळंबल्यात."