उकिडवे मास्तरांची पाठ

उकिडवे मास्तर मे महिन्याच्या काहिलीतसुद्धा सदरा काढत नसत. श्राद्धाच्या पानावरही सदरा घालून बसत, आणि भटजींनी आडून काही सुचवलं तर पान तसंच सोडून उठत. रत्नागिरीकडचा, रोज संध्या करणारा माणूस. त्याला हे शोभतं का, असं आमच्या क्वार्टर्समध्ये सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांना कारण ठाऊक होतं, तरी म्हणायचे. माणसांची ही जात मला कधीच आवडली नाही.

मास्तरांचं नाव प्रभाकर. दादरा-नगर हवेलीचा कारभार दिल्लीकडे गेला आणि मुंबई-कोकणातून नोकरदार सिल्वासाला येऊ लागले, त्या सुरुवातीच्या लोकांतले ते. शाळेत शास्त्र आणि आरोग्य शिकवायचे. माझे यजमान अनंतराव तिजोरी कचेरीत होते. आमची आणि मास्तरांची भिंत एकच, त्यामुळे त्यांच्याकडे फोडणी जळली की ठसका आम्हाला लागायचा. फोडणी जळायचीच, कारण घरात बाईमाणूस म्हणजे एकटी अलका, त्यांची मुलगी. आई तिच्या लहानपणीच गेलेली. मास्तरांचा सगळा जीव त्या पोरीत. तिचं लग्न चांगल्या घरात झालं की मी सुटलो, हे ते येता-जाता बोलत.

मास्तरांचे थोरले भाऊ दत्तात्रय आफ्रिकेत मोंबासाला बंदरावर कारकून होते. त्यांनीच मास्तरांना शिकवलं होतं. बासष्ट साली त्यांची तब्येत ढासळली, एकदा भेटून जा म्हणून त्यांनी बोलावणं पाठवलं. मास्तर मुंबईहून बोटीनं गेले, तेही डेकवरून. ओल्या लोखंडावर चटई टाकून झोपायचं आणि वरून वारा. मोंबासाला उतरले तेव्हा त्यांची पाठ इतकी धरली होती की दोघांनी काखेत हात घालून त्यांना बोटीवरून उतरवलं. आजारी भावाला भेटायला गेले आणि स्वतःच खाट धरून बसले. शेक झाला, गोळ्या झाल्या, काही उतार पडेना.

शेवटी भावानं त्यांना शहराच्या जुन्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याकडे नेलं. तो आपल्याकडे तुंबड्या लावतात तशी शिंगं लावायचा. पाठीवर वस्तऱ्यानं बारीक चिरा, त्यावर गाईच्या शिंगाचा पोकळ तुकडा, टोकाच्या भोकातून तोंडानं हवा ओढायची आणि भोक मेणानं बंद करायचं. शिंग पाठीला चिकटून राहतं आणि वाईट रक्त ओढतं, अशी समजूत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आपले आपण उठले, स्वतःच्या हातानं धोतर नेसले आणि भावाच्या गळ्यात पडून रडले.

हे सगळं आम्हाला फार नंतर कळलं. परत आल्यावर मास्तरांनी सांगितलं, तिथल्या इस्पितळात चांगलं औषध मिळालं. खोटं बोलायचं कारण होतं. हेच मास्तर दर शनिवारी मुलांना ओळीनं बसवून सांगत, अंगावर चिरा पाडून घेऊ नका, शिंग-तुंबडीच्या नादी लागू नका. जवळच्या रांधा गावात शिंगं लावणारी एक म्हातारी होती. तिच्या अंगणात जाऊन, चार माणसांदेखत, हा अडाणीपणा बंद करा म्हणून त्यांनी तिला सुनावलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं कोणी म्हणू नये म्हणून माणूस तोंड मिटून बसला. एवढ्याशा लाजेपायी.

आणि पाठीचं आणखी एक झालं होतं. परतीच्या बोटीवर घाम आणि खारा वारा लागून त्या चिरा चिघळल्या. भरून आल्या खऱ्या, पण जिथं जिथं शिंग बसलं होतं तिथं तिथं कातडी पांढरी पडली. रुपयाएवढे गोल, पांढरे डाग. मास्तरांना याचा पत्ता नव्हता. घरात आरसा होता तो दाढीचा, तळहाताएवढा. संध्येला बसायचे तेही उपरणं पांघरून, त्यामुळे अलकाच्याही नजरेला काही पडलं नव्हतं.

त्याच साली मार्गशीर्षात अलकाला बलसाडचं स्थळ आलं. खांबेटे म्हणून रेल्वेतले, त्यांचा मुलगा रमाकांत, शिकलेला, देखणा. मध्यस्थ आमच्याच क्वार्टर्समधले मामलेदार कचेरीचे मधुकरराव. मुलगा एकदा येऊन मुलगी पाहून गेला होता, पसंती कळवली होती. अलका तर हवेत होती. तांदूळ निवडताना गुणगुणायची, आणि मी बघितलं की खडा शोधल्यासारखं करून मान खाली घालायची. मीही तिला चिडवायची, अगं बलसाडला तांदूळ निवडलेलाच मिळतो. आता फक्त खांबेट्यांनी जेवायला यायचं आणि तारीख धरायची, एवढंच राहिलं होतं.

ते आले. सोवळ्याचं जेवण, पुरुषांच्या समोरासमोर दोन पंगती, सगळे उघड्या अंगानं. वाढायला मी आणि अलका. जिलब्यांचं ताट मात्र यजमानानं स्वतः फिरवायचं, आग्रह करायचा, ही आपली रीत. मास्तर ताट घेऊन उठले, होणाऱ्या जावयासमोर वाकले, आणखी एक घ्याच म्हणून हसत आग्रह करू लागले. त्यांची पाठ खांबेट्यांकडे झाली. ते डाग मीही तेव्हाच पहिल्यांदा पाहिले आणि माझ्या हातातली वरणाची वाटी थांबली. खांबेट्यांचा घास हातातच राहिला होता. मास्तर वळून त्यांच्याकडे आले तेव्हा त्यांनी पानावर आडवा हात धरला आणि पुरे म्हणाले. तारखेचा विषय निघालाच नाही.

आठवड्यानं मधुकररावांकडून निरोप आला, पत्रिकेत एकनाड निघाली. आधी जुळलेली पत्रिका जेवणानंतर बिघडते कशी? मी मधुकररावांना दारातच गाठलं. ते ताकाला जाऊन भांडं लपवत होते, पण मी सोडलं नाही. शेवटी हळूच म्हणाले, "वहिनी, बापाच्या अंगावर कोड आहे. त्या घरची मुलगी कोण करील?"

कोड. आपल्याकडे खुनाचा आरोप झाला तरी मुलींची लग्नं होतात, कोडाचा झाला की होत नाहीत. मी घरात येऊन अनंतरावांना सांगितलं, अनंतरावांनी मास्तरांना. मग मोंबासा, बोट, शिंगं, सगळं बाहेर आलं. ऐकताना मला दया येत होती आणि रागही येत होता. आधी सांगायला काय झालं होतं?

मास्तर बलसाडला गेले. खांबेटे सज्जन माणूस, त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं की तुम्ही तर इस्पितळात बरं वाटलं असं सगळ्यांना सांगितलं होतंत, मग आज हे कसं? आणि शिंगाचे डाग पांढरे असतात होय? आम्ही तर कधी पाहिले नाहीत.

मास्तर परत आले ते एक निश्चय करूनच. आमच्याकडे येऊन म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला, मी त्यांना डोळ्यांनीच दाखवतो. त्यांची कल्पना अशी की त्याच पाठीवर, जुन्या डागांच्या शेजारी, नवी शिंगं लावून घ्यायची. जखमा भरल्या की खांबेट्यांनी यावं आणि दोन्ही ताडून पाहावेत. अनंतरावांनी समजावलं, मी समजावलं. ऐकेनात. शास्त्राचे मास्तर ना, प्रयोग करून दाखवायची खोड.

मधुकररावांना साक्षीला घेऊन ते चालत रांध्याला त्याच म्हातारीच्या अंगणात गेले. तिनं जुना हिशेब काढला नाही, बसायला पाट दिला. आपला हात हलका आहे, खुणा फार दिवस टिकत नाहीत, असंही तिनं सांगितलं. मास्तर तिला म्हणाले, टिकू दे.

जखमा भरल्या आणि पौषात खांबेटे आले. तेवढी माणुसकी त्यांनी दाखवली, हे मी नाकारत नाही. मास्तर आमच्या ओटीवर उजेडाकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी सदरा काढला. आत दाराआड अलका उभी होती, तिचा हात माझ्या हातात होता. जुने डाग पांढरेच होते. नवे सगळे तपकिरी, काळसर, कुठल्याही जखमेचे असतात तसे. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. त्यांनी स्वतःच्या पाठीवर स्वतःविरुद्धचा पुरावा कोरून घेतला होता आणि मान वळवून विचारत होते, "पटलं ना आता?"

खांबेट्यांनी खुंटीवरचा सदरा काढून त्यांच्या खांद्यावर घातला. "गुरुजी, सदरा घाला," ते म्हणाले. "थंडी आहे."

अलकाचा हात माझ्या हातातून सुटला. ती आत जाऊन चुलीपुढे बसली.

त्यानंतर मास्तरांनी सदरा काढलेला कोणी पाहिला नाही. आंघोळ दार लावून, आणि बाहेर यायचे ते गळ्यापर्यंत बटणं लावूनच. बातमी बलसाडहून डहाणूला गेली, डहाणूहून अलिबागला. अलकाला स्थळ सुचवायचं सगळ्यांनी सोडलं. रमाकांतचं पुढच्याच वर्षी लग्न झालं. अलका जवळच्याच आमलीच्या बालवाडीत शिकवू लागली. दुसऱ्यांच्या पोरांची शेंबडी नाकं पुसायची आणि संध्याकाळी येऊन बापाला भाकरी करून घालायची. ती कधी रडली नाही. निदान आमच्या भिंतीला ऐकू येईल असं रडली नाही. तांदूळ निवडताना गुणगुणणं मात्र थांबलं ते थांबलंच.

एकदा मी मास्तरांना स्पष्टच म्हटलं की दवाखान्यात नवे डॉक्टर आलेत, त्यांना पाठ दाखवा. कोड नाही असं त्यांनी सांगितलं तर चार लोकांना सांगता तरी येईल. मास्तरांनी गळ्याचं बटण चाचपून पाहिलं.

"वहिनी, आणि डॉक्टरनं कोडच आहे म्हटलं तर?" ते म्हणाले. "आता निदान मला तरी म्हणता येतं, की माझ्या पोरीवर अन्याय झाला."

लोकांचं बोलणं ऐकून ऐकून त्या माणसाला आपल्याच पाठीची खात्री उरली नव्हती. अलकानंही एकदोनदा विषय काढला होता, मला बघू तरी द्या म्हणाली होती. मास्तर तिच्यावर कधी नव्हे ते ओरडले. मग तिनं विचारणं सोडलं.

एकोणसत्तरच्या थंडीत मास्तर गेले. सकाळी शाळेला निघाले आणि उंबऱ्यातच बसले, तसेच गेले. क्वार्टर्समधली माणसं जमली. रोग अंगाला लागेल म्हणून ज्यांनी त्या घराचं पाणी टाळलं होतं, तेही आले. मरणाला येतात सगळे. आंघोळ घालायला अनंतराव आणि मधुकरराव आत गेले. आम्ही बायका बाहेर होतो.

थोड्या वेळानं अनंतराव दारात आले. त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, यांनाच काही होतंय. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाठीवर काही नाही."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. रंग भरून आला होता. केव्हा, ते देवाला ठाऊक. वर्षापूर्वी, कदाचित चार वर्षांपूर्वी. काळे डाग गेले होते, पांढरेही गेले होते. कोड कधी नव्हतंच. पुसटशा चिरांच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्याही जवळ गेल्याशिवाय दिसत नव्हत्या. तेवढी साफ पाठ माणूस उन्हाळ्यापावसाळ्यात झाकून फिरत राहिला. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आणि बघू द्यावी असं कोणी त्याला उरलं नव्हतं.

अलकाला मीच सांगितलं. ती उठून सरळ आत गेली. बापाला कुशीवर वळवलं होतं. तिनं शेजारी बसून खांद्यापासून कमरेपर्यंत हात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"इतकी वर्षं मी यांचे सदरे धुतले, काकू," ती म्हणाली.

मधुकरराव घाईनं धूत वस्त्र उलगडू लागले. तिनं त्यांचा हात धरला. "मधुकरकाका, थांबा. तेव्हा तुम्ही साक्षीला होतात. बाहेरच्या सगळ्यांना बोलवा."

एकेक जण आत आला, बघून खाली मान घालून बाहेर गेला. कोणीतरी म्हणालं, पोरी, झाक आता. त्या दिवशी खरंच कडाक्याची थंडी होती. पण शेवटचा माणूस बघून जाईपर्यंत अलकानं पाठ झाकू दिली नाही.