तिळाएवढी नावं

तोरीगासे बेटाच्या धक्क्यावरून कुरेला जाणारी पहिली बोट सात वीसला सुटायची, आणि त्याआधी किनुए ओरिता तिकिटाच्या खिडकीतून बाहेर येऊन प्रत्येक उतारूचं नाव लिहून घ्यायच्या. डाव्या हातात पुठ्ठा, उजव्या हातात आखूड शाईपेन. दोर सुटायच्या आत कागद खांबावरच्या लाकडी पेटीत पडलेला असे. बोट पाण्यावर गेली तरी नावं जमिनीवर राहिली पाहिजेत, हा नियम त्यांचा होता. कंपनीनं तो नंतर आपला म्हणून स्वीकारला.

बावीस वर्षांपूर्वी धुक्यात जुनी बोट उलटली, तेव्हाही खिडकीत त्याच होत्या. कंपनीनं विकलेली तिकिटं मोजली. चौदा. संध्याकाळपर्यंत चौदा माणसं सापडली, काही जिवंत, काही नाही, आणि शोध थांबला. पंधरावी होती किनुएताईंची थोरली बहीण योशिनो. धाकटी बहीण खिडकीत बसते म्हटल्यावर योशिनो कधी तिकीट काढत नसे, मागून येऊन सरळ बोटीत चढे. किनुएताईंना वाटलं, ती वरच्या आळीत सासरी असेल. सासरच्यांना वाटलं, ती माहेरी असेल. हे लक्षात यायला तिसरा दिवस उजाडला. योशिनो नवव्या दिवशी सापडली, एका फळीला कमरेचा पट्टा बांधून घेतलेली. शोध आणखी एक रात्र चालला असता तर, एवढं म्हणून लोक किनुएताईंसमोर थांबत. वाक्य कुणी पुरं केलं नाही.

तेव्हापासून त्या नावं लिहीत आल्या. खलाशांची, मासळीच्या टोपल्या घेऊन जाणाऱ्या बायांची, पाठीवरच्या तान्ह्या मुलाचंसुद्धा. शिसपेन्सिल पुसली जाई. बॉलपेन थंडीत चालेना. लांब पेन एप्रनच्या खिशातून वर डोकावे आणि दोर उचलायला वाकलं की पाण्यात पडे. अशी तीन गेली. मग कुरेच्या बाजारात त्यांना आखूड पेन मिळालं. बंद असताना करंगळीएवढं, टोपण मागे लावलं की नेहमीच्या पेनाएवढं होणारं. त्यात निळी-काळी शाई. एकदा वाळली की कागद भिजला तरी अक्षर राहतं.

मागच्या हिवाळ्यात खनिज तेल महागलं आणि त्या धास्तीनं दुकानांतून कागद नाहीसा झाला. बायका पहाटेपासून रांगा लावत होत्या. पाकिटं उलटी करून पुन्हा वापरली जात होती. त्याच दिवसांत किनुएताईंचं अक्षर बारीक होत गेलं, आणि सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं. टपाल कचेरीतल्या तोमोएबाई तर म्हणाल्या की हे तिळाएवढं अक्षर शाळेतल्या मुलांना दाखवायला हवं. बोटीचा कप्तान त्सुबोई वयानं लहान, जिभेनं मोकळा. तो म्हणायचा, "ताई, अशानं एका कागदावर अख्खं बेट बसवाल. कंपनी मला काढून तुम्हाला बोट देईल."

किनुएताई हसायच्या. आपण काही कागद वाचवत नव्हतो, हे त्या कुणाला सांगत नव्हत्या. अक्षर त्यांनी बारीक केलंच नव्हतं. ते आपोआप होत होतं.

आणखीही काही गोष्टी होत्या, पण त्या एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नाहीत. चालताना त्यांचा उजवा हात हलेनासा झाला होता, कुशीत काही धरल्यासारखा. त्यांनी मासळीचं कालवण करपू दिलं आणि वास आलाच नाही म्हणाल्या. बहीण गेली त्या तारखेला त्या दरवर्षी धक्क्यावर संत्री वाहत. यंदा संत्रं सोलायलाच त्यांना इतका वेळ लागला की शेवटी ते तसंच पाण्यात सोडलं.

त्यांना वाटलं, निब जाड आहे. रेघा एकमेकींत मिसळतात, नावात नाव शिरतं. म्हणून वर्षभरात तीनदा त्यांनी निब बदलून घेतली, दर वेळी आधीपेक्षा बारीक. एप्रिलमध्ये चौथ्यांदा त्या कुरेच्या दुकानात गेल्या.

तिथे वरच्या मजल्यावर हामाओका नावाचे म्हातारे कारागीर बसत. माणूस लिहितो कसा ते पाहायचं, मग त्याच्या हाताच्या वळणाला जुळेल अशी निब दगडावर घासून द्यायची, हे त्यांचं काम.

"पुन्हा शाई तुंबली?" त्यांनी विचारलं.

"शाई नाही, अक्षर तुंबतंय. याहून बारीक द्या."

"याहून बारीक म्हणजे सुईच, ओरिताबाई."

"मग सुई द्या. सुई तरी स्वस्त असेल."

हामाओकांनी तीन आखूड पेनं काढून कापडावर ठेवली. एक सोन्याच्या निबचं, दोन पोलादी. किनुएताईंनी सोन्याचं हातातही घेतलं नाही. कितीही चांगलं घेतलं तरी एक दिवस ते समुद्रातच जायचं, म्हणाल्या. हजार येनचं काळं पेन त्यांनी उचललं, टोपण मागे चढवलं आणि तळहातावर तोललं.

पेन घेताना आमच्याकडे सगळे एकच अक्षर लिहून बघतात, चिरकाल या अर्थाचं. सगळ्या प्रकारच्या रेघा त्या एका अक्षरात येतात. हामाओकांनी कागदाची आडवी पट्टी पुढे केली आणि ते वीस वेळा, एका ओळीत लिहायला सांगितलं.

"एवढं कशाला? एकदा पुरे की."

"लिहा तर खरं."

पहिलं अक्षर वाटाण्याएवढं आलं. पाचवं तांदळाएवढं. बाराव्यापासून रेघा ओळखू येईनात, आणि विसावं म्हणजे माशीनं कागदावर टेकून जावं तसं काहीतरी होतं. हामाओकांनी जाड निबचं पेन दिलं. तेच झालं. मग खिशातलं स्वतःचं पेन दिलं, चाळीस वर्षं वापरलेलं. तेच. पेन जाड असो की बारीक, ओळ डावीकडून उजवीकडे विझत जात होती.

ते उठले आणि कपाटातून ओरिताबाईंचं कार्ड घेऊन आले. दुकानात गिऱ्हाइकाच्या जुन्या पट्ट्या तारीख घालून टाचून ठेवण्याची रीत होती. आधीच्या तीन आणि आजची, अशा चार पट्ट्या त्यांनी एकाखाली एक मांडल्या. समजावून सांगण्यासारखं काही उरलं नाही.

किनुएताई म्हणाल्या, "सगळे म्हणत होते, छान झालंय."

"माझ्या गुरूंचं अक्षर असंच गेलं. आम्ही शिष्यही म्हणायचो, काय नाजूक झालंय. मग एक दिवस त्यांना सदऱ्याचं बटण लावता येईना."

"किती दिवसांत?"

"एकावरून दुसऱ्याचं सांगू नये. हिरोशिमाच्या मोठ्या इस्पितळात दाखवा. मला निब कळते, हात नाही कळत."

"हाताचं राहू द्या. नावं वाचता येतील असं पेन द्या मला."

"तसं पेन नाही माझ्याकडे."

खाली दुकानात कुणीतरी शाईची बाटली बांधून घेत होतं. कागदाचा आवाज वरपर्यंत येत होता. किनुएताईंनी हजार येनचं पेन पुन्हा पुढे केलं. निब मध्यम ठेवा, म्हणाल्या, आणि ती कुणाच्याही हातात चालेल अशी घासून द्या.

हामाओका थांबले. आजवर कुणी त्यांना असं सांगितलं नव्हतं. लोक येत ते पेन आपल्या एकट्याच्या हाताचं करून घ्यायला. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि निब सगळ्या कडांनी गोल केली.

परत येताच किनुएताई टपाल कचेरीत गेल्या आणि त्यांनी तोमोएबाईंपुढे आदल्या दिवशीची यादी ठेवली. वाचून दाखवा, म्हणाल्या. तोमोएबाई हसत हसत वाचू लागल्या. आठ नावं झाली. नवव्याला त्यांनी चष्मा पुसला. "हे तुम्हीच सांगा बाई," त्या म्हणाल्या.

किनुएताईंनी कागद स्वतःकडे वळवला. नववं नाव त्यांनाही वाचता आलं नाही. त्याखाली आणखी पाच नावं होती.

गुरुवारी सकाळी धुकं होतं. समोरचा लाल दिवा दिसत नव्हता, पण नऊपर्यंत निवळेल असं रेडिओनं सांगितलं होतं, आणि त्सुबोईनं इंजिन सुरू केलं. किनुएताईंनी खिडकीची झडप लावली, बाहेर आल्या आणि पहिल्या उतारूपुढे पुठ्ठा धरला. वर नवं काळं पेन.

"आजपासून ज्यानं त्यानं आपलं नाव लिहायचं," त्या म्हणाल्या.

रांगेत हशा झाला. कुणी म्हणालं की ताई आज परीक्षा घेतायत. जाळी विणणारा म्हातारा म्हणाला, "माझं अक्षर बघून बोट बुडायची." आणि मग एकदम कुणी हसेना. आमच्या धक्क्यावर तो शब्द काढत नाहीत. म्हाताऱ्यानं मान खाली घालून नाव लिहिलं, मोठं, वाकडं, ओळीबाहेर गेलेलं. पेन पुढे गेलं. कुणी दाबून लिहिलं, कुणी थरथरत, एका बाईनं बाळाचं नाव आपल्या नावाहून मोठं काढलं. निब कुणाच्याच हातात अडली नाही. सतरा नावं झाली, आणि हाताएवढ्या अंतरावरून सगळी वाचता येत होती. किनुएताईंनी ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. कित्येक महिन्यांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

मग त्यांनी पायाशी ठेवलेली कापडी पिशवी उचलली.

"तुम्हीपण?" त्सुबोईनं विचारलं.

"हिरोशिमाला काम आहे. दुपारच्या बोटीनं परत येते."

"मग द्या इकडे, तुमचं नाव मी लिहितो."

"नको," त्या म्हणाल्या. "नियम आत्ताच केलाय. पहिल्याच दिवशी मोडू?"

कागद त्यांनी गुडघ्यावर घेतला. आमच्या लिपीत आडनावासकट चार अक्षरांचं नाव. पहिलंच तिळाएवढं उतरलं. दुसरं त्याच्या निम्म्यानं आलं. तिसऱ्याला पेन चालत होतं, शाई उतरत होती, हात मात्र आखडत गेला, आणि चौथं तिसऱ्यातच मिसळून गेलं. मागे भोंगा वाजला. त्यांनी कागद क्षणभर पाहिला, घडी न घालता पेटीत टाकला आणि चढल्या. दोर सुटला. बोट चार हात गेली आणि दिसेनाशी झाली.

दहा मिनिटांनी तोमोएबाई टपालाची थैली घेऊन धावत आल्या. बोट चुकली होती. पेटीचं झाकण उघडंच राहिलं होतं. दमट हवेनं कागद खराब होईल म्हणून त्यांनी तो बाहेर काढला आणि सवयीनं नावं मोजली. सतरा. किती स्पष्ट, त्यांना वाटलं, बाईंनी ज्याच्या त्याच्याकडून लिहून घेतलेलं दिसतंय. खाली धुक्यात अजून न वाळलेला शाईचा एक ओला ठिपका होता. तो वरच्या नावाला लागू नये म्हणून त्यांनी रुमालाच्या टोकानं टिपून घेतला, कागद परत ठेवला आणि झाकण लावलं.

खिडकीची झडप बंद होती. किनुएताई चहा प्यायला घरी गेल्या असतील, असं समजून त्या पायरीवर वाट पाहत बसल्या. धुक्यातून बोटीचा भोंगा एकदा ऐकू आला. भोंगा दर दोन मिनिटांनी वाजवायचा असतो. तोमोएबाई दुसऱ्याची वाट पाहू लागल्या.