बोणीचा हात

हळदीकुंकवाचं ताट माझ्यापर्यंत आलं आणि थांबलं नाही.

रविवारची सकाळ होती. म्हैसूरच्या आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, पार्कात आम्ही बायका ओळीने उभ्या होतो. समोर निळ्या ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यांवर जवळच्या बन्नूर गावाहून पहिल्या बसने आलेल्या बायका भाजी मांडून बसलेल्या. वांगी, दोडके, मेथी, कोवळे दुधी. लेआउटच्या असोसिएशनच्या सेक्रेटरींच्या पत्नी, विमला मॅडम, एकेकीच्या कपाळाला कुंकू लावत येत होत्या. माझ्या डावीकडच्या बाईला लावलं. मग उजवीकडच्या बाईला लावलं. वाटेत खांब आला की माणूस वळसा घालतो, तसं ताट मला वळसा घालून गेलं.

थंडीत माझे यजमान गेले. ताट असं जातं हे मला ठाऊक होतं. पाहिलं होतं, पुस्तकांत वाचलंही होतं. माझ्या अंगावरून गेलं नव्हतं.

मग बोणीची वेळ झाली. बोणी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. आमच्या घरात जुनी माणसं तिला भवानी म्हणायची. ती कुणाच्या हातून होते, यावर दिवस कसा जाणार ते ठरतं, अशी इथे समजूत आहे. मी वाकून समोरचा एक दुधी उचलला. मागून विमला मॅडमचा आवाज आला. कन्नडमध्ये, अगदी हळू, प्रेमाने म्हणावं तसा.

"तुम्ही नको. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, नाही का? जरा तिकडे उभ्या राहा."

मी दुधी खाली ठेवला. तिकडे म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. माझे पाय आपोआप कडुनिंबामागे गेले. तिथे बागेचा पाइप गुंडाळून ठेवलेला असतो. त्याच्याशेजारी मी उभी राहिले.

हा बाजार यजमानांचा. कागदावर नव्हे, डोक्यात. ते बन्नूरच्या शाळेत मास्तर होते. रोज बसने जायचे, बसने यायचे. तिथली भाजी आपल्या लेआउटवरून टेम्पोने मंडईत जाते आणि दोन दिवसांनी शिळी होऊन आपल्याच कोपऱ्यावरच्या दुकानात येते, हे ते जेवताना पुन्हा पुन्हा सांगायचे. पिकवणाऱ्याने इथेच उतरावं, एवढीच त्यांची इच्छा. असोसिएशनने त्यांना दोन वर्षं हो-नाही केलं. घाण होईल, गाड्या लावायला जागा उरणार नाही, खेडवळ माणसं पार्कात बसतील. ते गेल्यावर ते काम मी पुरं केलं. मी जयलक्ष्मीपुरमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. मोठ्याने बोलायची सवय नाही. तरी मीटिंगांत बोलले, बन्नूरला जाऊन त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी बसले, ताडपत्र्या आणल्या. आणि पहिल्या दिवशी मी झाडामागे.

बोणी विमला मॅडमनीच केली. पुट्टम्माकडून. पुट्टम्मा चाळिशीची, ठसठशीत कुंकू लावलेली, हसऱ्या तोंडाची. मॅडमनी तोच दुधी घेतला आणि म्हणाल्या, "साक्षात लक्ष्मी बसली आहे बघा."

बाजार छान झाला. ऊन चढेपर्यंत ताडपत्र्या रिकाम्या झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त दमले होते.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. पणजोबांपासून इथे म्हैसूरलाच कापड रंगवत आलो. आमच्या घरात लाल रंग पवित्र वगैरे नव्हता, काम होता. तांब्याच्या हंड्यात उकळायचा, नखांत राहायचा. माझी आत्या तरुणपणीच विधवा झाली होती. लग्नाची लाल लुगडी तीच हंड्यातून काढायची, पिळायची, वाळत घालायची. कोपरापर्यंत तिचे हात लाल असायचे. ते लुगडं नेसून नवरी बोहल्यावर चढायची, तेव्हा आत्या मागच्या खोलीत दार लोटून बसायची. मी तिला पान वाढून न्यायचे. ती त्याच लाल हातांनी जेवायची. कापडाला तिचा हात चालत होता. नवरीला चालत नव्हता. त्या वयात यात मला काही वावगं दिसलं नाही. घरात कुणालाच दिसलं नाही.

बाजार उठल्यावर पुट्टम्मा पाणी मागायला माझ्याकडे आली. पार्काला लागूनच आमचं घर. मागच्या नळावर तिने तोंड धुतलं, पदराने खसखसून पुसलं. पदर लाल झाला. कपाळ मोकळं झालं.

ती तशीच पायरीवर बसली. मी बघते आहे हे तिच्या लक्षात आलं.

"तुमचे मास्तर आत्ता गेले, अक्का. माझा कधीच गेला."

मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात दिला. ती सांगत गेली. कुंकवाची डबी तिच्या पिशवीत असते. बस शहरात शिरली की लावते, परतताना पुसते. बसमधल्या सगळ्याजणींना ठाऊक आहे, कुणी बोलत नाही. मोकळ्या कपाळाच्या बाईकडून सकाळी सकाळी कोण बोणी करेल? लोक रस्ता ओलांडून पलीकडच्या गाडीवर जातात. पहिल्या वर्षी ती तशीच बसायची आणि दुपारी पालेभाजी गाईंना घालून घरी जायची.

"तुम्हीही लावा की. सुम्ने, उगीच आपली एक टिकली. कोण तपासायला येतंय?" ती हसली. "तुमच्या मॅडमना बघा, माझ्यात लक्ष्मी दिसली."

मीही हसले. बऱ्याच महिन्यांनी. मग हसू गेलं आणि खाली राग दिसला. तो नवा नव्हता. आत्याच्या पानाइतका जुना होता.

मॅडमना सांगायचं एक वाक्य माझ्याकडे होतं. विधवेच्या हातची बोणी केलीत आणि सगळा माल संपला. ते वाक्य मी बोलणार नाही. त्याची किंमत पुट्टम्माला मोजावी लागेल, मला नाही. तिचं कुंकू तिचं हत्यार आहे. मला पेन्शन आहे, घर आहे. रस्ता ओलांडून गेलेल्या गिऱ्हाइकामुळे माझी चूल विझत नाही. मग कपाळ झाकायचं मला कारण काय? आणि झाडामागे उभं राहायचं?

आज शनिवार, उद्या दुसरा बाजार. संध्याकाळी पार्कात मीटिंग झाली. उद्याच्या बोणीला कोणा डॉक्टरांच्या पत्नीला बोलवायचं ठरत होतं. मी म्हटलं, मीही टेबल लावणार आहे. यजमानांनी लावलेल्या शेवग्याच्या शेंगा आणि कढीपत्ता. गेटपाशी, पहिलं टेबल.

विमला मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला कशाला हा त्रास? अशा दिवसांत घरी बसून पुस्तकं वाचावीत. लोक आत शिरताना पहिल्यांदा काय बघतील, याचाही विचार करायला हवा."

"मला बघतील," मी म्हटलं.

सेक्रेटरी मोबाइलमध्ये बघू लागले. गेटपाशी टेबल लावू नये असा नियम नाही. बाजाराचे नियम मीच लिहिले आहेत.

घरी आले. शेंगा तोडून जुड्या बांधल्या. हात दुखतायत. यजमान असते तर म्हणाले असते, मीटिंगमध्ये एवढं तोडून बोलायची गरज नव्हती. तसेच होते ते, मवाळ. त्यांची आठवण येते. तरी या एका गोष्टीत मी त्यांना विचारणार नाही.

उद्या गेट उघडायच्या आधी मी तिथे असेन. कपाळ जसं आहे तसं. पुट्टम्मा कुंकू लावून येईल, तिने यावं. ज्यांना वळसा घालायचा आहे त्यांनी तो माझ्या टेबलाला घालावा, सगळ्यांच्या देखत, माझ्या डोळ्यांसमोर. माझी बोणी होवो न होवो. बाजार उठेपर्यंत मी उठणार नाही.